महागावचा घसरता सूर

माझा कान तिखट आहे, हे दुसऱ्या कोणी म्हणायच्या आधी मीच सांगत फिरायचो. यवतमाळात मी सरकारी वायरलेसवर ऑपरेटर होतो. आम्ही नागपूरकडचे लोक मुंबई राज्यात गेलो, त्याच्या नंतरची ती वर्षं. कानाला हेडफोन, हाताशी मोर्सची की, म्हणजे संदेश ठोकायची कळ, आणि जिल्ह्यातली पाच-सहा ठाणी दिवसभर टिकटिक करत माझ्याशी बोलायची.

संदेशाच्या सुरुवातीला ठाण्यानं आपलं सांकेतिक नाव द्यायचं, असा नियम. मला त्या नावाची गरज नसायची. सेट सगळे एकाच कारखान्यातले, एकाच खेपेत आलेले. पण एकाचा आवाज दुसऱ्यासारखा असेल तर शपथ! पांढरकवड्याच्या सेटमागे जात्यासारखी घरघर. वणीचा सेट की सोडली की टच् करायचा. आणि महागावचा सूर, की दाबली रे दाबली, की जरासा खाली घसरायचा. हे आवाज कोणी मुद्दाम घातलेले नव्हते. ते दोषच होते. पण मी ते पेन्सिलीनं एका वहीत टिपून ठेवायचो, तारीख घालून. नवा कारकून आला की त्याच्याशी चहाची पैज. नाव यायच्या आत मी म्हणायचो, "वणी." निघायचं वणीच. असे किती चहा प्यालो, देव जाणे.

संध्याकाळी काम संपलं की शेवटच्या संदेशानंतर ऑपरेटर दोन बारीक टिचक्या द्यायचे. टिक टिक. म्हणजे राम राम. नियमात ते बसत नव्हतं, पण सगळे द्यायचे, आणि ज्याच्या नाही आल्या तो रागावलाय असं समजायचं.

महागावला जो ऑपरेटर होता तो माझा मित्र. शिकायला आम्ही नागपुरात एका खोलीत राहिलेलो. तो बंजारा, त्याचा तांडा महागावजवळच. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरलेले. सरकारी नोकरीत लागलेला तांड्यातला हा पहिलाच. त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, दिलेला लाडवांचा डबा आम्ही दोघांनी एका दिवसात संपवला होता. मी नोकरदार घरातला. माझे वडील, काका सगळे कारकून. नोकरी जाणं म्हणजे काय, हे माझ्या घरात कोणाला माहीतच नव्हतं.

एका पावसाळ्यात पुराच्या पाण्याच्या खबरा घ्यायला फुलसावंगीला तात्पुरतं ठाणं उघडलं. जादाचा एक सेट देऊन त्यालाच तिकडं धाडलं. महागावला त्याच्या जागी बदली माणूस बसवला. पहिले दोन दिवस फुलसावंगीचा आवाज अगदी साधा आला. तिसऱ्या दिवशी मी हेडफोन लावला आणि बसल्या जागी ताठ झालो. नाव फुलसावंगीचं, की ठोकायची लकबही त्याचीच, पण सूर घसरत होता. महागावचा सेट! मला उकळ्या फुटल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला! समोरच्या कारकुनाला मोठ्यानं म्हणालो, "लाव चहाची पैज. गडी फुलसावंगीत नाही. हा महागावात बसून पाण्याचे आकडे पाठवून राह्यला."

मागे साहेब उभे होते.

पुढचं सगळं भराभर झालं. जागेवर न जाता पाण्याच्या खोट्या खबरा देणं म्हणजे नोकरीवरून काढायचाच गुन्हा. चौकशी लागली, त्याला सस्पेंड केलं. त्यानं सांगितलं की चिखलात बैलगाडी कलंडली, बॅटरीतलं तेजाब सांडलं, ती दोन दिवसांत बसली. मग गडी पाठवून महागावची जुनी बॅटरी मागवली आणि तिच्यावर काम चालवलं. बदली माणसानं बॅटरी नोंद न करता दिलेली, त्यानं सरळ कानावर हात ठेवले. साहेबांनी मला विचारलं, "बॅटरीनं असं होऊ शकतं?" मी हसलो. हो, हसलो! म्हणालो, "साहेब, बॅटरीनं सेटचा स्वभाव बदलतो काय?" आणि तसं लिहून सही करून दिलं. ऑफिसात जो तो म्हणे, तांडा जवळच, गेला असेल घरी, या लोकांचं असंच. मी मान हलवली. ती मान आठवली की आजही माझीच मला चीड येते.

पंधरा दिवसांनी त्याचा बाप यवतमाळला आला. पागोटं मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून राहिला. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं. मला म्हणाला, "बाबू, माहा पोरगा तेथंच होता. मी सोता रोज भाकर नेऊन देत होतो फुलसावंगीले. तुम्ही साहेबाले सांगून पाहा ना."

"बापाची साक्ष कोण धरते?" मी खेकसलो. "जा, घरी जाऊन बसा."

तो उठला, पागोटं डोक्याला गुंडाळलं, मला रामराम केला आणि गेला.

दोन महिन्यांनी आमच्याच ऑफिसातलं चार्जिंगचं इंजिन बंद पडलं. आमची बॅटरी बसत आली होती. ठरलेल्या वेळेला मला पांढरकवड्याला तातडीचं काही सांगायचं होतं. मी की दाबायला सुरुवात केली, अजून नाव द्यायचं होतं, तोच पलीकडून उत्तर आलं: "महागाव, थांबा. यवतमाळचं आधी घेतो."

मी कीवरचा हात काढून घेतला.

मेकॅनिकला हाक मारली. त्यानं आमचा सूर शेजारच्या रिसीव्हरवर ऐकवला. घसरत होता. हुबेहूब. "अहो, हा सेटचा आवाज कायचा?" मेकॅनिक म्हणाला. "बॅटरीत दम नसला की दाबल्याबरोबर सूर पडते. तुमाले ठाऊक नाही?" नव्हतं. चहा तेवढे प्यालो होतो. मी वही काढली. फुलसावंगीचा सूर पहिल्यांदा घसरला त्या तारखेला, त्याच पानावर, माझ्याच हातचं लिहिलेलं होतं: 'महागाव आज एकदम साफ. उघाड असल्यामुळे?' बदली माणसानं जुनी बॅटरी देऊन नवी लावली होती, म्हणून साफ. डोळ्यांपुढे पुरावा, आणि मी आभाळाकडे पाहून राह्यलो होतो!

त्या दिवशी घरी गेलो नाही, साहेबांच्या खोलीत गेलो. खोटं कशाला सांगू, दारापर्यंत जाऊन एकदा परत फिरलो होतो. नाक कापलं जाणार होतं ना. पण तो बाप डोळ्यांपुढून हलेना. वही टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "माझी सही चुकीची आहे." साहेबांनी पानावरच्या दोन्ही नोंदी बोट ठेवून वाचल्या. मग एवढंच म्हणाले, "लिहून द्या. आणि पुन्हा या ऑफिसात पैज नको." बदली माणसाला बोलावलं, तेव्हा तोही कबूल झाला.

कामावर घेतल्याचा हुकूम न्यायला माझा मित्र यवतमाळला आला. वाळला होता. व्हरांड्यात, त्याचा बाप बसला होता तिथंच, मी त्याला गाठलं. "चुकलं माझं," म्हणालो. "माफ कर बापा. तुझी याडी कशी आहे?"

"हाय," तो म्हणाला. हुकुमाची घडी घालून खिशात ठेवली. "कान चुकते माणसाचा. त्याचा मले राग नाही. पन तू त्या दिवशी माह्यासंगच बोलून राह्यला होता ना? की तुह्या हाताखाली होती. मले काहून नाही पुसलं, बॅटरी कोनची लावली बे म्हणून? मी तेथंच होतो. लगेच सांगतलं असतं."

तो व्हरांड्याची पायरी उतरून निघाला.

त्याला उमरखेडला नेमलं. तिथून पुढची चार वर्षं तो रोज माझ्याशी बोलला. संदेश चोख, नाव पहिलं, वेळ बरोबर. संध्याकाळी शेवटचा संदेश झाला की मी दोन टिचक्या द्यायचो आणि हेडफोन न काढता बसून राहायचो. वणीच्या यायच्या, पांढरकवड्याच्या घरघरत यायच्या, महागावच्याही यायच्या. उमरखेडचा सेट तोवर बंद झालेला असे.