दिलीप काय म्हणाला होता

माझी बायको वैजयंती चारचौघांत सांगते, "यांच्या पोटात काही राहत नाही." मी हसतो. एक गोष्ट राहिलेली आहे, ती तिलाच सांगता येत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही, दिलीपला तर नाहीच. तरी कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

नव्वदच्या दशकात मी आखातात, अमिरातीतल्या अल ऐनला होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कोल्हापूरहून गेलेला. आमची कंपनी लहान होती. बांधकामाच्या साइट आणि शेतावरच्या विहिरी यांना ती जनरेटर, कॉम्प्रेसर भाड्यानं द्यायची. गाड्या आणि मशिनं माझ्या ताब्यात. दिलीप हा वैजयंतीचा धाकटा भाऊ. कराडजवळच्या गावात टेम्पो चालवायचा. त्याला मीच बोलावून घेतलं, व्हिसा काढला, लायसन्सच्या टेस्टला सोबत गेलो. तो कंपनीच्या कॅम्पवर राहायचा आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्याकडे जेवायला यायचा. मला दाजी म्हणायचा, तिला अक्का. आमची मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. त्याच्या खांद्यावरून उतरायची नाही.

जनरेटर ओढणारी आमची जुनी लॉरी एकदाची खलास झाली. अरबाब — म्हणजे आमचा मालक — मला घेऊन गाड्यांच्या शोरूममध्ये गेला. तिथं दोन पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक जड बांध्याची. जाड चासी, मागे स्प्रिंगच्या पाट्यांची चळत, मोठे ब्रेक, पुढे दोनच माणसांची बसायची सोय. ओझं ओढण्यासाठीच केलेली. दुसरी हलकी. डबल कॅबिन, मागे नीट सीट, गार एसी, रंग मोत्यासारखा. तिलाही मागे हुक लावून मिळत होता.

आमचा मोठा जनरेटर ट्रॉलीसकट अडीच टनांच्या आसपास जायचा. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. हलकी गाडी एवढं ओझं ओढेल का? ओढेल. सपाट रस्त्यावर मजेत ओढेल. पण थांबवेल का? नाही. हे कळायला डिप्लोमासुद्धा लागत नाही. मला कळत होतं. शोरूममधल्या मलबारी सेल्समननं विचारलं, "सर, पीछे कितना वजन लगेगा?" मी जनरेटरचं वजन सांगितलं नाही. कॉम्प्रेसरचं सांगितलं. त्याच्या निम्म्याहून कमी. तो म्हणाला, फिर तो ये चलेगा.

अरबाबला पैशाचं काही नव्हतं. जड गाडी घे म्हटलं असतं तर त्यानं तिथल्या तिथं घेतली असती. तो मला म्हणाला, "तुम मुहंदिस. तुम बोलो, कौन सा?" मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. तो मला आदरानं तसं म्हणायचा.

मी हलक्या गाडीवर हात ठेवला.

का? जड गाडी रात्री यार्डात उभी राहिली असती. डबल कॅबिन मात्र साइटवर फिरायला म्हणून माझ्या घराखाली राहणार होती. मला नवीन लायसन्स मिळालेलं होतं — कितीतरी वेळा नापास होऊन. आमच्या इमारतीत सगळ्यांच्या दाराशी गाड्या. ऑगस्टच्या उन्हात वैजयंती पोरीला कडेवर घेऊन टॅक्सीची वाट बघायची, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई काच खाली करून विचारायच्या, सोडू का? ते मला सहन व्हायचं नाही. बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या गाडीनं आम्हाला सुख दिलं, हेही सांगायला हवं. गणपतीला दुबईच्या मंडळात गेलो, समुद्रावर गेलो, अबुधाबीच्या मित्रांकडे गेलो. वैजयंती पुढच्या सीटवर बसून वाटेतल्या वाळूकडे बघत गाणी म्हणायची. दिलीप आठवडाभर दिवसा तीच गाडी जनरेटर जोडून चालवायचा आणि गुरुवारी धुऊन, पुसून माझ्या दाराशी लावायचा. त्यालाही ती आवडायची. वर्षभर काहीच झालं नाही. अल ऐनमध्ये रस्ते सपाट आहेत. मला वाटायला लागलं होतं की मीच उगीच घाबरत होतो.

मग जबल हफीतवरचं काम आलं.

अल ऐनच्या शेजारी तो डोंगर एकटाच उभा आहे, उघडा, तपकिरी. वर जायला वळणावळणांचा घाट. माथ्याजवळ बांधकाम चाललं होतं आणि त्यांना मोठा जनरेटर हवा होता. वर नेताना दिलीपला अर्ध्या वाटेत दोनदा थांबावं लागलं. परत आल्यावर म्हणाला, "दाजी, गाडी पार धापा टाकत होती. येताना मोकळी होती म्हणून बरं." मी म्हणालो, नवीन आहे, चढ आहे, होणारच. तेव्हा बोलायला हवं होतं ना? भाड्यानं एखादी लॉरी आणता आली असती. पण लॉरी मागवायची तर अरबाबला कारण सांगावं लागलं असतं. मग त्यानं विचारलं असतं, मुहंदिस, गाडी तूच निवडलीस ना?

काम संपलं. जनरेटर खाली आणायचा दिवस गुरुवार होता. दुपारी आम्हाला दुबईला जायचं होतं, म्हणून मी साइटवर फोन करून निरोप ठेवला — यल्ला, चला लवकर, जेवणाआधी गाडी आणा. दिलीपसोबत रहमत खान होता. आमचा इलेक्ट्रिशियन, पेशावरकडचा, पन्नाशीचा. कधी घरावरून जाताना तंदूरच्या गरम रोट्या कागदात गुंडाळून द्यायचा आणि वैजयंतीला बहनजी म्हणायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

उतारावर ट्रॉलीनं गाडीला मागून ढकललं. ब्रेक तापून निकामी झाले. एका वळणावर ट्रॉली आडवी झाली आणि तिनं गाडीला फिरवून रहमतच्या बाजूनं कातळावर आपटलं. रहमत जागीच गेला. दिलीपचा पाय गुडघ्याखाली चिरडला आणि डोक्याला मार लागला.

मी धावत हॉस्पिटलमध्ये गेलो. तुम्हाला वाटत असेल, कबूल करायचं ते करून झालं — चुकीची गाडी निवडली. नाही. चुकीची गाडी निवडणारे पुष्कळ असतात. एवढंच असतं तर मी ते कधीच कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोलिस दिलीपच्या खाटेपाशी आला. तरुण होता, सभ्य होता. दिलीपला अरबी येत नव्हतं, इंग्रजी नाही, हिंदी कामापुरतं. मला इतक्या वर्षांत अरबी चांगलं जमायला लागलं होतं. पोलिस मला म्हणाला, काय झालं ते तू त्याला विचार आणि मला सांग. मी विचारलं. दिलीपच्या ओठांना कोरड पडली होती. तो हळूहळू बोलला, मराठीत, प्रत्येक शब्द नीट.

"दाजी, मी पहिल्यापासून खालच्या गिअरमध्ये होतो. ब्रेक दाबत होतो, पण गाडी थांबतच नव्हती. मागनं ट्रॉली ढकलत होती. त्या वजनाला ही गाडी कमी पडली, दाजी. सांगा त्यांना."

पोलिसानं माझ्याकडे बघितलं.

आता मी काय सांगू? की डोळ्यांपुढे माझी पोरगी आली? तुरुंग आला? आले असतील. पण पहिलं आलं ते अरबाबचं तोंड — तुम मुहंदिस, तुम बोलो. मी अरबीत म्हणालो, "तो म्हणतो, घाई होती, वेगात होतो. वळणाचा अंदाज आला नाही. चूक माझी आहे."

पोलिसाला बहुधा खात्री करून घ्यायची होती. त्यानं परत विचारलं, "चूक माझी आहे, असं तो स्वतः म्हणतो?"

हा दुसरा प्रश्न मला देवानं दिल्यासारखा मिळाला होता. किती जणांना मिळतो? मी म्हणालो, "ऐवा." हो.

दिलीपनं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

त्यानं डोळे मिटले. त्याला बरं वाटलं असावं.

पुढचं सरळ आहे. चालवणारा स्वतः कबूल झाल्यावर ट्रॉलीचं वजन कोण मोजतो? दिलीप कुबड्यांसकट तुरुंगात गेला, काही महिने राहिला आणि तिथूनच परत पाठवला गेला. रहमतचा भाऊ शारजाहून मयत न्यायला आला. कागदपत्रांसाठी मीच सगळीकडे धावलो. जाताना त्यानं मला मिठी मारली, म्हणाला, आपने बहुत किया. मोडकी गाडी भंगारात गेल्यावर अरबाब मला पुन्हा त्याच शोरूममध्ये घेऊन गेला. या वेळी मी लगेच जड गाडी दाखवली. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

तुरुंगात मी दिलीपला भेटायला जायचो. आधी तो भांडायचा — दाजी, मी वेगात नव्हतो, मग हे असं कसं म्हणतात? मी सांगायचो, इथं असंच असतं, ड्रायव्हरलाच धरतात. नंतर मला दुसरं सुचलं. मी म्हणायला लागलो, "दिलीप, तुझ्या डोक्याला मार लागलाय. तुला आठवत नाही. तू वेगात होतास." एकदा म्हणालो. पुढच्या भेटीत परत म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणालो. त्यानंतर एकदा जाळीपलीकडून स्वतःच म्हणाला, "असेल. तुम्ही घाई करायला सांगितली होती ना, म्हणून दाबली असेल मी." त्या दिवशी मी बाहेर येऊन गाडीत बसलो तेव्हा मला भूक लागली होती. हे मला चांगलं आठवतं, कारण अपघातानंतर पहिल्यांदाच मी पोटभर जेवलो.

वैजयंती माझ्यापुढे रडली. म्हणाली, "माझ्या भावामुळं तुमची मान खाली गेली." मी तिची समजूत काढली. चुकतो माणूस, म्हणालो. आमच्या घरात मी उदार ठरलो. ती मात्र भावाला माफ करेना. कितीतरी दिवाळ्या तिनं त्याला ओवाळलं नाही. सुट्टीवर गेलो तरी भाऊबीजेला माहेरी पाऊल टाकायची नाही. तिच्या आईनं फोनवर विनवण्या केल्या. आई गेली तेव्हा भावंडं एकाच ओसरीत पाठ करून बसली होती. गावात त्याला माणूस मारून आलेला म्हणतात. लग्न दोनदा ठरून मोडलं. त्यानंतर त्यानं कुठल्याही गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नाही. एसटीतसुद्धा उतार आला की समोरच्या सीटची दांडी पकडून डोळे मिटून घेतो.

आणि मी? दुबईत चांगली नोकरी लागली. तिथल्या अल बर्शाला राहायला गेलो. मुलगी इंग्रजी शाळेत गेली. मामा कोण, म्हणून कधीतरी विचारायची आणि विसरून जायची.

दोन हजार सालानंतरची एक सुट्टी. मी एकटाच दिलीपकडे गेलो. त्यानं गावात पिठाची गिरणी टाकली आहे. पाय ओढत चालतो. मला बघून त्यानं पोत्यावरची धूळ झटकली, बसवलं, चहा मागवला. म्हणाला, "माझ्यामुळं तुम्हाला त्या देशात लय त्रास झाला, दाजी." दर वेळी म्हणतो. मग थोडा वेळ हातावरचं पीठ चोळत बसला.

"दाजी, एक विचारू? त्या पोलिसाला मी नेमकं काय बोललो होतो? मला अधनंमधनं वाटतं, मी ब्रेकचं कायतरी बोललो होतो. तुम्ही होता तिथं. तुम्हालाच माहीत."

गिरणीत आम्ही दोघंच होतो. वैजयंती नाही, पोलिस नाही, अरबाब नाही. तिथं माझं काय जाणार होतं?

"नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे, असं म्हणालास."

मग त्यानं मान हलवली.

"बरं झालं," तो म्हणाला. "रहमतभाईचं रक्त अंगावर असताना खोटं तरी नाही बोललो. तेवढंच बरं वाटतं."

दळणाचा डबा घेऊन एक बाई आली. दिलीप उठला, पाय ओढत गेला आणि त्यानं पट्टा चढवला. मी दारात उभा होतो. मशिन सुरू होण्याआधी सांगता आलं असतं. ते सुरू झालं. मी त्याच्याकडे बघून हात हलवला, त्यानंही हलवला, आणि मी गाडीत येऊन बसलो.