नऊ लिटरचा दोष

ल्हामजवच्या हाताला चूक ठाऊक नाही, असं उलानबातरच्या त्या गल्लीत म्हणत. गल्ली म्हणजे टेकडीच्या पायथ्याला दोन्ही अंगांनी मांडलेले लोखंडी कंटेनर. एकात टायरवाला, एकात रंगवाला, आणि शेवटच्यात ल्हामजव. जपानात म्हाताऱ्या झालेल्या हायब्रीड गाड्या जहाजानं इकडं येतात आणि पुन्हा तरण्या व्हायला त्याच्या दारात उभ्या राहतात. माणूस चाळिशीचा, बुटका, मान खांद्यात ठोकून बसवल्यासारखी. मेंढपाळाच्या घरातला. लहानपणी मेंढरू कसं चालतंय यावरनं त्याचं दुखणं सांगायचा. तीच खोड पुढं गाड्यांच्या कामी आली. इंजिन ऐकताना डोळे मिटायचा. बायको म्हणायची, "माझं बोलणं ऐकताना कधी मिटलेस का?"

त्या हिवाळ्यात दांझान गुआयच्या गाडीनं त्याचं नाक कापलं. वडीलधाऱ्याला आम्ही मानानं गुआय म्हणतो.

दांझान सत्तरीला टेकलेला. जवानीत सरकारी शेतावर ट्रॅक्टर हाकला, आता सहा-सात वर्षं शहरात शिटावर माणसं भरून गाडी चालवायचा. ती गाडी हीच त्याची चूल. मार्गशीर्षातली थंडी सुरू झाली तशी गाडीची मागली मोठी बॅटरी बसली. ल्हामजवनं तिच्यातले सहा मेलेले सेल काढून नवे घातले. सेल मिळायला आठ दिवस लागले. गाडी देताना टायरवाल्या बाटबोल्डच्या देखत तो बोलून गेला, "पयल्यागत सहा लिटरात शंभर किलोमीटर जाईल, गुआय. न्हाई गेली तर मला मिस्त्री म्हणू नका."

दहाव्या दिवशी म्हातारा दारात.

"नऊ खातीय."

"काय नऊ?"

"लिटर. शंभराला नऊ. असंच ऱ्हायलं तर महिनाभरात गाडी विकायला लागंल, पोरा. दिवसभर हाकतो आन् सगळं पंपावर ओतून येतो."

ल्हामजव हसला. नऊ तर जुनी रशियन जीपसुद्धा उतारावर खात नाही म्हणाला. मग हसणं गिळलं आणि बॉनेटवरचं नमद्याचं, दाबलेल्या लोकरीचं जाड पांघरूण बाजूला केलं.

रीतीप्रमाणं आधी चौकशी झाली. "हिवाळा कसा काढताय, गुआय?"

"बरा काढतोय."

"घरची बरी?"

"बरीच की."

आमच्यात याला दुसरं उत्तर नाही. छपराला आग लागली असली तरी माणूस बरंच म्हणणार. वाईट तोंडातनं बाहेर काढलं की ते आपलंच दार हुडकत येतं, हे लेकरालाही ठाऊक असतं. ल्हामजवनं विचारलं, म्हाताऱ्यानं सांगितलं, आणि दोघंही गाडीकडं वळले.

त्यानं नव्या सेलांपासनं सुरुवात केली. एकेकाचा दाब मोजला; सगळे एका आईची पोरं असल्यागत सारखे. चाकांत हवा बघितली. ब्रेक अडकून राहिलाय का म्हणून गाडी फिरवून आणून चारी चाकांना हात लावला, चारी गार. हवेची जाळी झाडली. इंजिनातलं पाणी गरम ठेवणारी झडप उघडीच राहात असेल म्हणून तीही बदलली, स्वतःच्या पैशानं. मग एकटाच विमानतळाच्या रस्त्यानं चाळीस किलोमीटर गेला आणि आला. काटा सांगत होता पावणेसहा.

"झाली," म्हणून गाडी दिली.

चौथ्या दिवशी म्हातारा परत. "नऊ."

"गुआय, रागावू नका. तुमचा पाय जड झालाय का?"

दांझान भडकला. "माझा पाय? तुझा बाप घोड्यावरनं पडायचा तवापासनं मी गाडी हाकतोय! तूच कायतरी उलटं जोडलंयस आन् आता माझ्या पायाला नावं ठिवतोस!"

बाटबोल्ड टायर ठोकायचा थांबून ऐकत होता. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की ल्हामजवनं म्हाताऱ्याची गाडी बिघडवली.

"मी तुमच्यासंगं बसतो दिवसभर," ल्हामजव म्हणाला. "चालती गाडी बघितल्याबिगार कळायचं न्हाई."

"नको."

"का?"

"शीट अडतं." एवढं बोलून म्हातारा गेला.

ल्हामजवला झोप लागेना. गाडी त्याच्या हातात असली की शहाणी, म्हाताऱ्याच्या हातात गेली की राक्षसीण. पुढच्या खेपेला त्यानं तपासणीचं यंत्र लावलं आणि यावेळी दोष शोधायचा सोडून नुसते आकडे वाचले. आदल्या दिवशी गाडी अकरा तास चालू होती. आणि चालली होती सत्तर किलोमीटर.

म्हणजे बहुतेक वेळ गाडी जागेवर उभी, आत ऊब चालू. हायब्रीडचं कसं असतं, गाडी थांबली की इंजिनही थांबतं, तिथंच पेट्रोल वाचतं. पण बाहेर उणे तीस आणि आत ऊब मागितली, तर बॅटरी कितीही ठणठणीत असो, पाणी तापवायला इंजिन पुन्हा पुन्हा उठतं.

त्यानं हे बाटबोल्डला सांगितलं. बाटबोल्ड पोट धरून हसला. "म्हाताऱ्यानं कुणीतरी ठिवलीय! तिला गारठा लागू नये म्हणून गाडी तापवत बसतोय!"

"सत्तर वर्षाचाय तो."

"म्हणून तर तापवायला लागतीय!"

दुसऱ्या दिवशी ल्हामजवनं कंटेनरला कुलूप घातलं आणि दांझान माणसं भरायचा त्या बाजारामागच्या थांब्यावर गेला. घराघरांतल्या कोळशाचा धूर इतका की दहा पावलांवरचं माणूस सावलीसारखं दिसत होतं. गाडी उभी होती. दांझान स्टेअरिंगवर नव्हता, वळणावरच्या टपरीत गेला असावा. इंजिन फुरफुरलं, थांबलं, थोड्या वेळानं पुन्हा फुरफुरलं. मागच्या सीटवर कुणीतरी बाई होती.

ल्हामजवनं दार उघडलं.

सेव्जिद होती. दांझानची बायको. मेंढीच्या कातड्याचा जाड देल, आमचा लांब अंगरखा, घातलेली, गुडघ्यांवर उंटाच्या लोकरीचं पांघरूण, कमरेला एक पट्टा, आणि तो सीटच्या पट्ट्यात अडकवलेला. मागल्या उन्हाळ्यात हिच्याच हातचा चहा त्यानं प्याला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, ओळख काही डोळ्यांत आली नाही.

"दार लाव की रं. पिल्लांना वारं लागतंय."

तो आत बसला आणि दार लावलं.

"कुठली पिल्लं, आजी?"

"कालची. दोन जुळी हायती. आई पाजत न्हाई." तिनं पांघरुणाखालनं हात काढून सीट चाचपली. "तू येताना कळप बघितलास? म्हातारा म्हणतो विकला. खोटं बोलतोय. असा गारठा पडल्यावर कोण विकंल?"

कळप विकून वीस वर्षं झाली होती. "टेकडीपल्याड चरतोय," ल्हामजव म्हणाला. तिचा चेहरा सैल झाला. इंजिन पुन्हा उठलं.

दांझान कागदात मटण भरून वाफवलेले गरम बुऽझ घेऊन आला. पुढचं दार उघडलं, मागं ल्हामजव दिसला, आणि तो तसाच उभा राहिला. मग बसला. एक बुऽझ फोडून त्यातला रस आधी स्वतः फुंकला आणि बायकोच्या तोंडाशी धरला.

"गाडी तुझ्याकडं आठ दिवस व्हती," तो पुढं बघतच म्हणाला. "मी घरी ऱ्हायलो. न्हाईतर इतकी वर्षं सकाळी जातो, रातीला येतो, मला काय ठाऊक. तिसऱ्या दिवशी बघतो तर फाटक उघडं. नुसत्या आतल्या कपड्यात नाल्यापतुर गेली व्हती. शेजारच्या कुत्र्यामुळं सापडली."

"लेकीकडं—"

"लेक कोरियात हाय. कारखान्यात." त्यानं दुसरा बुऽझ फोडला. "कुलूप लावून बघितलं. चुलीतले निखारे हातानं काढले तिनं. मग ठरवलं, संगं घ्यायची. एक शीट अडतं. चार तास झाले की ओरडायला लागती, मग थांबायला लागतं. थांबलं की ऊब पायजे."

"आधी बोलायचं तरी, गुआय. मी झडप बदलली, जाळ्या झाडल्या..."

"तू गाडीचं विचारलंस, गाडीचं सांगितलं." मग हलक्या आवाजात, "आन् तोंडातनं काढलं असतं तर खरं झालं असतं."

ल्हामजवनं त्या आठवड्यात जे जमेल ते केलं. सिगारेटच्या सॉकेटवर चालणारी तापती गादी आणली, मागल्या काचेला नमदा शिवला, पुढची जाळी पुठ्ठ्यानं झाकली. शंभराला साडेआठ झाले. गादी तिला आवडेना; खाली काहीतरी जिवंत आहे म्हणून ती उठून बसायची. तिसऱ्या दिवशी दांझाननं गादी काढून डिकीत टाकली. परत नऊ.

यापुढं मिस्त्रीच्या हातात काही उरलं नव्हतं. गाडीत बिघाड नव्हता, आणि बिघाड नसलेली गाडी दुरुस्त कशी करायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवारी दांझान गाडी घेऊन गल्लीत आला, चाकात हवा भरायला. सेव्जिद मागं झोपली होती. काचेच्या नमद्यामुळं बाहेरनं काही दिसत नव्हतं. बाटबोल्डनं नळी लावता लावता मोठ्यांदा विचारलं, "काय गुआय, सापडला का शेवटी दोष?"

दांझाननं ल्हामजवकडं बघितलं. त्याच्या दारात त्या वेळी दोन नवी गिऱ्हाइकं उभी होती, दोघांच्याही हायब्रीडच.

"न्हाई सापडला," ल्हामजव म्हणाला. "माझ्याच हातनं कायतरी ऱ्हायलंय."

बाटबोल्ड खो खो हसला. गिऱ्हाइकांपैकी एकानं घड्याळ बघितलं आणि गाडी रंगवाल्याच्या पलीकडच्या दुसऱ्या मिस्त्रीकडं वळवली. दांझाननं हवा भरल्याचे पैसे दिले आणि स्टेअरिंगवर बसला. गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी ट्रक आडवा होता म्हणून ती थांबली, पण इंजिन काही थांबलं नाही. ल्हामजव डोळे उघडे ठेवून ते ऐकत राहिला.