माझ्या आठवणी आणि आईची हरकत

माझ्या बालपणीच्या आठवणींचं पुस्तक निघालं आणि त्याचं पहिलंच जाहीर वाचन माझ्या आईनं चौथ्या मिनिटाला बंद पाडलं.

वाचन रत्नागिरीतच, एका वाचनालयाच्या सभागृहात होतं. श्रोते बावीस (त्यांतले नऊ नातेवाईक). पहिल्या रांगेत आई, वय एकोणऐंशी, आणि शेजारी माझी थोरली बहीण, ताई. मी बँकेतून निवृत्त झालेला कारकून. लेखक दिसावं म्हणून नवा झब्बा घातला होता आणि तो काखेत काचत होता.

मी मुद्दाम सगळ्यांत हळवं प्रकरण निवडलं. माझे वडील, अप्पा, तेव्हा पोफळीच्या वीजघरात नोकरीला, मी आठ वर्षांचा. आई सहा महिने मामाकडे जयगडला राहायला गेली आणि सुट्टीत मी तिच्याबरोबर खाडीवर शिंपले वेचायचो, असं मी भरल्या गळ्यानं वाचत होतो. एक बाई डोळे पुसू लागल्या. मी आवाज आणखी खाली आणला.

"मी जयगडास कधी गेल्ये रे?" आई म्हणाली.

लोक हसले. मीही हसलो. "मामाकडे नव्हतीस का?"

"मी इथेच होत्ये. वेड्यांच्या इस्पितळात."

हसणं थांबलं. आई रोज एक गोळी घेते हे मला ठाऊक होतं. कसली, ते मी पन्नास वर्षांत विचारलं नव्हतं. पण माइक हातात होता. मी समजूतदार आवाजात म्हणालो, "आईला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. तिच्या आठवणींची जरा सरमिसळ होते." (सख्ख्या आईबद्दल, भर सभेत!)

ताई उठून उभी राहिली. "सरमिसळ तुझी झालीय. आपण दर रविवारी एसटीनं यायचो, चिपळूणला गाडी बदलून. तू एकदाही आत आला नाहीस."

"फाटकाशी उभा राहायचा," आई म्हणाली. "मी खिडकीतून हात करायचे, हा पाठ फिरवायचा. मग अप्पांनीच शिकवलं याला, शाळेत कोणी विचारलं तर जयगडला आहे म्हण. लहान होता. घाबरायचा."

"आणि शिंपले?" मी विचारलं. माइक चालूच होता.

"ते मामाची मुलं वेचायची. तुला पाण्याची भीती."

तेव्हा मला फाटक आठवलं. गजांचं, उन्हानं तापलेलं. खिडकी मात्र आठवेना. आणि जयगडची खाडी अजूनही डोळ्यांसमोर तितकीच खरी होती, शिंपल्यांसकट.

वाचन तिथेच संपलं. चहाच्या वेळी तिघे जण पुस्तकावर सही मागायला आले. तिघेही आईकडे गेले.

घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसलो. "गोळ्यांचं तसं बोलायला नको होतं. चुकलं माझं."

"तेव्हा मला नळातून एक बाई बोलताना ऐकू यायची," आई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, असं कोणी नाही. हळूहळू पटलं मला. तुला जयगडचं तसं कोणी सांगितलंच नाही." मग तिनं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. "सगळं छापून झालं?"

"दोनशे प्रती."

"मग वर कादंबरी असं लिही."

सध्या मी रोज सकाळी बसून प्रत्येक प्रतीवर हातानं तेवढा शब्द लिहितो. किती झाल्या ते ताई मोजते. माझ्या सांगण्यावर आता घरात कोणाचा भरवसा नाही.