हँग झालेला आवाज

तो बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करायचा. निवृत्त झाला आणि वर्षभरात घशाच्या आजाराने त्याची स्वरपेटीच काढावी लागली. ज्याच्या एका हाकेसरशी लोक सामान उचलून धावत सुटायचे, त्याला आता पाणी मागायलाही टॅब लागायचा. त्याने टाइप करायचं, टॅबने बोलून दाखवायचं. पण बोलायला माणूस तरी कुठे होता? बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. उरली एक थोरली बहीण, तीही दूरच्या गावी आणि नजर गेलेली. तिला वाचता येत नव्हतं, याला बोलता येत नव्हतं. दोघांच्या मध्ये तो टॅब तेवढा होता. रविवारी दुपारी ताईचा फोन यायचा.

त्या रविवारी त्याने "गुडघा कसा आहे?" असं टाइप केलं आणि टॅब "गुड, गुड, गुड" करत गप्पच झाला. स्क्रीन गोठली. बोट आपटून पाहिलं, काच पुसून पाहिली, ढिम्म.

"हॅलो? अरे, आहेस ना?"

त्याने टेबलावर टकटक केली.

"कसला रे आवाज? पडलास की काय?" ताईचा जीव वरखाली व्हायला लागला.

तो फोन चालू ठेवूनच जिना उतरला आणि खालच्या इस्त्रीवालीच्या हातात तो कोंबला. दुसऱ्या हाताने टॅब दाखवला. बाईला काय ते लगेच उमगलं.

"ताई, घाबरू नका. भाऊ धडधाकट आहेत. त्यांचा टॅब हँग झालाय."

"जेवतो का गं नीट?"

"जेवत असतील की."

"कोणी येतं-जातं त्याच्याकडे?"

इस्त्रीवालीने त्याच्याकडे पाहिलं. तो शर्टांच्या चळतीकडे बघत राहिला.

"येतात ना," ती म्हणाली.

फोन ठेवून ती टॅबकडे वळली. "काका, चालू-बंदचं आणि आवाज कमी करायचं, दोन्ही बटणं एकदम दाबून धरा. सोडू नका हं."

स्क्रीन काळी झाली, कंपनीचं चिन्ह उमटलं आणि तिथेच अडकलं. चार्जरला लावून पाहिलं, तरी तेच. मग बटणांची अदलाबदल करता करता बारीक अक्षरांचा एक मेनू आला.

"सगळं पुसलं तरच चालू होईल असं दिसतंय. साठवलेलं जाईल. पुसू?"

त्याने काही वाक्यं तयार ठेवली होती. "या, बसा." "चहा घेणार?" कोणी आलं तर पटकन बोलता यावं म्हणून. ती कधी वाजवावी लागलीच नव्हती. त्याने होकारार्थी मान हलवली.

टॅब सुरू झाला. बाईने बोलणारं ॲप पुन्हा उतरवून दिलं, पण जुना जाडसर आवाज काही सापडेना. मिळाला तो एका तरतरीत पोराचा.

संध्याकाळी त्याने ताईला फोन लावला.

"मी बोलतोय," टॅब म्हणाला.

"कोण मी? मला काही विकत घ्यायचं नाहीये." फोन बंद.

त्याने पुन्हा लावला. या वेळी लहानपणीची धमकी आधीच टाइप करून ठेवली होती. "ठमे, फोन ठेवलास तर वेणी खाटेला बांधीन."

मग ताई इतकी हसली की तिला ठसका लागला.

"मेल्या, आवाज कोणाचा आणलास हा? बोल, बोल. मी ऐकतेय."

तो सुचेल ते टाइप करत राहिला. मधेच कोणीतरी ताईला औषधासाठी हाक मारली, आणि तिने फोन ठेवला. त्याने टॅब चार्जिंगला लावला. खाली इस्त्रीवालीने शटर ओढल्याचा आवाज आला. मग रस्ताही शांत झाला.