सामाईक भिंत

भाऊ गेल्यावर भोरचं घर बंद करून मी पुण्याला परतलो. तेव्हा रडू आलं नाही, नंतरही नाही. कुलूप लावून एसटी धरली, एवढंच आठवतं.

वर्षभरानं शेजारच्या काकूंचा फोन आला. गावात बंद आणि पडीक घरं पाडायची मोहीम निघाली होती. आमच्या दोन खोल्या आणि काकूंच्या दोन, मधे मातीची एकच भिंत. आमचं घर पाडलं की त्यांचं छप्पर धरायला काही उरणार नव्हतं.

"घरात माणूस ऱ्हातंय असं दिसाया पायजे. तुमी निस्तं या," त्या म्हणाल्या.

पोचलो तर गल्लीच्या तोंडाशी मांडव. जेसीबीला झेंडूचा हार, कुंकवाची बोटं. फलकावरचा प्रत्येक चेहरा आमच्या दारापेक्षा मोठा. पाहुणे शहराच्या नव्या पहाटेवर बोलत होते. भर दुपार होती.

घराची किल्ली काकूंकडेच असायची. त्यांनी सकाळीच ओटा सारवून दोरीवर ओले कपडे वाळत घातले होते. सगळी त्यांचीच लुगडी.

मोहिमेचे साहेब दारात आले. "इथं कोण राहतं?"

"ह्येच की," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आत्ता आंगूळ करून बसलेत."

साहेबांनी माझ्या कपड्यांवरची प्रवासाची धूळ पाहिली, मग दोरी. "आणि ही लुगडी या काकांची का?"

मागचे लोक हसले. "न्हाऊन नेसत असतील ओ," कोणीतरी म्हणालं.

काकूंचा हात भिंतीवर होता. मला काहीच वाटत नव्हतं, लाजसुद्धा. वर्षभरात या बधिरपणाचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

"माझीच," मी म्हणालो.

हसणं थांबलं. साहेबांनी मांडवाकडे पाहिलं; तिथं पानं वाढली होती. "ठीक. पुढच्या आठवड्यात परत बघायला येतो. राहत असाल तर राहताना दिसा."

हार सांभाळत जेसीबी पुढच्या घराकडे वळला.

मी पुण्याला मुलाला फोन करून सांगितलं, इतक्यात येत नाही. भावाची गादी उन्हात टाकली. तिला अजून त्याच्या बामाचा वास होता. मी तोंड फिरवून तिच्यावर काठी मारत राहिलो.

संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं, "हाय न्हवं तुमी?"

"आहे," मी म्हणालो. माझाही हात भिंतीवर होता.