पेटत्या घराखालची सही

जाफराबाद तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या कचरू पेंटरच्या हातच्या. त्याचा वाघ मांजरासारखा दिसे आणि मांजर सशासारखं. पण खालची 'कचरू पेंटर' ही सही अशी झोकदार, की परगावचं गिऱ्हाईक तेच दुकानाचं नाव समजे.

१९९४च्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं आणि आठवड्याच्या आत गावच्या बड्या जमीनदारानं, काकासाहेबांनी त्याला बोलावलं. त्यांच्या गोठ्याची लांबलचक भिंत बौद्ध वस्तीसमोरच होती.

"घर काढ. पेटलेलं."

कचरूनं ब्रश परत डब्यात ठेवला. सोळा वर्षांमागं याच नामांतराच्या दंगलीत वस्तीतली घरं जळली होती.

"मालक, लोक भितील की."

"एक बी अक्षर लिहू नको. भिंत माझी, रंग माझा. चित्राला कायद्यात बंदी हाय का?"

काकासाहेबांना नाही म्हणायची रीत कचरूच्या घराण्यात नव्हती. त्यानं घर काढलं. जन्मात पहिल्यांदाच चित्र हुबेहूब उतरलं, आणि हाताच्या सवयीनं खाली सहीही होऊन गेली.

वस्तीतल्या बाया पोरांना भिंतीकडं पाठ करून जेवायला बसवू लागल्या. शेवटी वस्तीतलीच कौसल्या वीसेक बायांना घेऊन ठाण्यात गेली.

"यात धमकी कुठं लिहिलीय?" जमादारानं विचारलं.

"लिहिली न्हाई, म्हणून तर काढलीय. काढणाऱ्यानं नाव बी टाकलंय. इचारा त्याला, कुणी सांगितल्तं."

कचरूला बोलावणं गेलं. ठाण्याबाहेर काकासाहेबांची जीप उभी होती. काच खाली झाली. "आपल्या मनानं काढलं म्हण. गावात ऱ्हायचंय ना?"

आत कौसल्या बसली होती. "कचरूदादा, ते घर माझं हाय. दारातला कलता रांजण बी बराबर काढलात. म्हंजी जळताना तुमी बघून राह्यल्ते."

कचरूची मान खाली गेली. बघत होता. पारावर उभा राहून, तांब्याभर पाणीही न उचलता.

"काकासाहेबांनी सांगितल्तं," तो म्हणाला.

जमादाराचा पेन थांबला. "परत सांग. जरा मोठ्यानं."

कचरूनं परत सांगितलं, जीपपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. जीप सुरू झाली आणि गावाच्या रस्त्याला लागली.

कौसल्या उठली, पदर खोचला. "घरी कोण हाय, दादा?"

"बायको, सगुणा. एकटीच."

"मंग जल्दी चला."

वीस बाया त्याच्या पुढं-मागं भराभर चालू लागल्या. गाव दोन कोस होतं, आणि पुढं नुसता धुरळा दिसत होता.