गिधाडांना न दिलेली गाय

गिधाड देखणं असतं असं म्हणणारा जगात एकच माणूस मला माहीत आहे, माझा थोरला भाऊ. मी शहरात, इंदिरानगरला राहतो, दादा त्र्यंबकच्या पलीकडे गावी शेती करतो. गावामागच्या कड्यावर गिधाडांची घरटी आहेत आणि दादा त्यांचं कौतुक सोयऱ्याधायऱ्यांसारखं करतो. मानेवर पिसं नाहीत, कारण मान आत घालून जेवायचं असतं. जेवण झालं की ओढ्यावर अंघोळ, मग पंख पसरून उन्हात बसायचं. "तुझ्यापेक्षा टापटीप हायेत," हे मला ऐकवल्याशिवाय तो राहत नाही. सकाळी ती हलत नाहीत. खडक तापला की पंख न मारता वर चढतात आणि संध्याकाळपर्यंत किती तालुके फिरून येतात, देव जाणे. जोडीमागे वर्षाला अंडं मात्र एकच. मध्यंतरी ती दिसेनाशीच झाली होती. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. आता गावाची रीतच आहे, मेलेलं जनावर कड्याखालच्या कुंपण घातलेल्या माळावर त्यांच्यासाठी नेऊन ठेवायचं.

गेल्या हिवाळ्यात मी गावी गेलो होतो. ऊन खात ओट्यावर बसायचं आणि वहिनी वाढतील ते जेवायचं, मजेत होतो. दादाची म्हातारी गाय मात्र पायाने अधू झाली होती, उठताना कण्हायची. मला बघवेना. माझ्या गुडघेदुखीच्या गोळ्या कायम पिशवीत असतात. दोन दिवस त्यातल्या चार-चार गुळाच्या खड्यात घालून तिला चारल्या. कोणाला बोललो नाही, वहिनींनी चेष्टा केली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाय गेली. वयच झालं होतं तिचं. दादा रडला, मग तोंड धुऊन म्हणाला, "कड्यावर पिल्लू हाय औंदा. त्याच्या तोंडी लागंल." वहिनींनी तिला कुंकू लावलं आणि आम्ही तिला ट्रॉलीतून माळावर नेलं.

फाटकाशी राखणदार होता. "दुखण्याचं काही औषध दिलं व्हतं का?" त्याने विचारलं.

"काय बी नाय," दादा म्हणाला. गावात दादाच्या शब्दाला वजन आहे. राखणदार लगेच फाटक उघडायला उठला.

"दिलं असतं तर?" मी विचारलं.

"मांसात राहतं ते. खाल्लं की दोन दिवसांत माना टाकतात. त्यापायीच तर गेली व्हती सगळी."

कड्यावरून चार-पाच गिधाडं निघालीसुद्धा होती. गप्प बसलो तर पिल्लासकट सगळी मरणार, बोललो तर दादा चारचौघांत खोटा पडणार.

"थांबा," मी म्हणालो. "मी दिल्यात गोळ्या. दादाला माहीत नाही."

राखणदाराने फाटक पुन्हा लावलं. ट्रॉली मागे फिरली. शेताच्या कडेला, मुरमात, आम्ही संध्याकाळपर्यंत खड्डा खणला. त्या सगळ्या वेळात तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही आणि मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवताना म्हणाला, "बोललास ते बरं केलंस."

आता घरी पाहुणा आला की दादा त्याला सांगतो, कड्यावरची सारी गिधाडं माझ्या धाकट्या भावाने वाचवली. गोळ्या कोणी चारल्या होत्या, ते मात्र गाळतो. मी ते सांगायला तोंड उघडलं की माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकतो.